केएसपीमधलं पहिलं सायन्स विमान: आधी उतरायचं कुठे ते ठरवा

कर्बल स्पेस प्रोग्रॅम (केएसपी) हा रॉकेट आणि विमानं बांधून उडवायचा गेम सुरू केला की पहिले काही तास सगळे रॉकेटच उडवतात, नावातच स्पेस आहे म्हटल्यावर दुसरं काय करणार. पण करिअर मोडमध्ये एक वेळ येते जिथे गाडी अडते. लाँचपॅडवरचं सायन्स, म्हणजे प्रयोगांचे पॉइंट, घेऊन झालं, वर जाऊन आलो, गू (मिस्ट्री गू नावाचा प्रयोगाचा डबा) पण उघडून बघितला, आणि आता पुढचा नोड, म्हणजे नवे पार्ट देणारा टप्पा, उघडायला पॉइंट नाहीत आणि मोठं रॉकेट बांधायला पैसे नाहीत. अशा वेळी बरेच जण तेच रॉकेट जरा तिरकं करून उडवतात आणि कुठेतरी गवतात जाऊन पडतात. त्यापेक्षा एक छोटं, कंटाळवाणं, नीट उतरणारं विमान बांधलं तर कर्बिनवरच, म्हणजे गेममधल्या आपल्या घरच्या ग्रहावरच, भरपूर सायन्स पडलंय, फक्त उचलून आणायचंय.

हे सगळं पहिल्या केएसपीबद्दल आहे, व्हर्जन १.१२ धरून. एक गोष्ट आधीच सांगतो, एप्रिल २०१५ मध्ये १.० आलं तेव्हा हवेचं अख्खं गणित बदललं, त्यामुळे त्याच्या आधीचे विमानाचे व्हिडिओ बघून काही बांधायला गेलात तर डोक्याला ताप होईल, तारीख बघूनच व्हिडिओ उघडा.

आता मुद्दा. नवीन माणूस विमान बांधताना विचार करतो की हे उडेल का. उडतंय हो. एवढं इंजिन लावलं तर देव्हाऱ्यातला पाट पण उडेल. सायन्स विमानाचं काम उडणं हे नाहीच, त्याचं काम आहे अनोळखी माळरानावर उतरणं, थांबणं, परत उठणं, आणि हे दोन-तीनदा करून घरी येणं. एकदा हे डोक्यात बसलं की बांधतानाचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

आधी हिशोब, मग हँगर

सायन्स मिळतं ते बायोम (गवत, किनारा, डोंगर असे जागेचे प्रकार) आणि परिस्थिती ह्यांच्या जोडीवर. म्हणजे गवताळ भागावर उतरलेलं असताना एक, त्याच भागावरून खालून उडताना दुसरं. कर्बिनवर जमिनीवरच्या प्रयोगाला ०.३ ने गुणतात आणि खालच्या उंचीवर उडताना ०.७ ने. खालची उंची म्हणजे १८ किलोमीटरच्या आत. आता क्रू रिपोर्टची मूळ किंमत ५, ईव्हीए रिपोर्टची (कर्बल, म्हणजे गेममधला माणूस, बाहेर येऊन देतो तो) ८, थर्मामीटरची ८, बॅरोमीटरची १२. जमिनीवर उतरून हे चारही केले तर १.५ अधिक २.४ अधिक २.४ अधिक ३.६, झाले ९.९. शिवाय त्याच बायोमवरून उडताना क्रू रिपोर्टचे ३.५ आणि थर्मामीटरचे ५.६, म्हणजे आणखी ९.१. एका बायोमला १९ पॉइंट, आणि ह्यात गू धरलेलाच नाही. आर अँड डी ची, म्हणजे संशोधनाची, बिल्डिंग एकदा अपग्रेड केली असेल तर मातीचा नमुना घेता येतो, त्याचे वरती ९. तीन बायोम फिरून आलात की ५०-६० पॉइंट खिशात. एव्हिएशनचा नोड उघडायला जे ४५ पॉइंट घातले होते ते पहिल्याच चकरेत वसूल.

बॅरोमीटर उडताना पण चालतो पण तेव्हा तो बायोम बघत नाही, अख्ख्या कर्बिनसाठी एकदाच पॉइंट मिळतात, म्हणून त्याला मी उडतानाच्या हिशोबात धरला नाही. गूचं पण तसंच, उतरल्यावर बायोमप्रमाणे वेगळा, उडताना एकच.

धड

विमान स्पेसप्लेन हँगरमध्ये बांधायचं, रॉकेटच्या बिल्डिंगमध्ये नाही, कारण इथे सिमेट्री आरशासारखी मिळते आणि विमान आडवं उभं राहतं. करिअरमध्ये पहिल्या लेव्हलच्या हँगरला ३० पार्टची मर्यादा आहे आणि पहिल्या लेव्हलच्या रनवेला १८ टनांची. टनांचं टेन्शन नाही, आपलं विमान साडेचार टनांच्या आसपास बसेल. पार्ट मात्र मोजूनच लावायचे. सायन्स मोड खेळत असाल तर ह्या दोन्ही भानगडी नाहीत.

पुढे एमके-१ कॉकपिट. त्याच्या मागे एमके-१ लिक्विड फ्युएल फ्युजलाज, ज्यात ४०० युनिट इंधन मावतं, पण भरायचं फक्त २००, राइट क्लिक करून स्लायडर अर्ध्यावर आणा. त्याच्या मागे रिकामं स्ट्रक्चरल फ्युजलाज, शेपूट लांब व्हावं म्हणून, आणि शेवटी एखादा नोज कोन उलटा लावून टोक बंद करा, उघडं सपाट टोक हवेला फार ओढतं. हे झाले चार पार्ट.

टाकी मध्येच का लावायची, तर इंधन संपत जातं तसं वजन कमी होतं आणि टाकी जर एका टोकाला असेल तर विमानाचा तोल उडता उडता सरकतो. जाताना शहाणं असलेलं विमान येताना वेड्यासारखं करतं ते ह्याच्यामुळे.

इंजिन

इथे फार वेळ घालवायचा नाही. ज्युनो नावाची छोटी जेट इंजिनं, दोन. एक ज्युनो पाव टनाचं आहे आणि २० किलोन्यूटन ढकलतं. साडेचार टन म्हणजे ४४ किलोन्यूटन वजन, त्याला दोघांचे मिळून ४० मिळाले तर विमानासाठी ते चिक्कार झालं. एमके-० ची छोटी टाकी टँकच्या दोन्ही बाजूंना, जरा मागच्या अंगाला चिकटवा, तिच्या पुढे हवा आत घेणारं छोटं गोल इनटेक, मागे ज्युनो. बाजूला मधोमध लावा, खाली-वर नको, नाहीतर थ्रॉटल वाढवला की नाक वर किंवा खाली ढकललं जातं. सहा पार्ट, एकूण दहा.

इंधनाचं गणित करून बघा, मजा येते. एक ज्युनो फुल थ्रॉटलला सेकंदाला ०.०६४ युनिट पितं. दोन मिळून ०.१२८. आपल्याकडे मधल्या टाकीत २०० आणि दोन छोट्यांत ५०-५०, एकूण ३००. म्हणजे अडतीस-एकोणचाळीस मिनिटं पूर्ण जोरात. २०० मीटर प्रति सेकंदाने चाललात तर ४०० किलोमीटरच्या वर जाता येतं. कर्बिनची त्रिज्याच ६०० किलोमीटर आहे हो, अख्खा फेरा पावणेचार हजार किलोमीटरचा, त्यामुळे हे अंतर त्या जगात खूप आहे. ४०० युनिट भरून टाकी टम्म करायचा मोह होतो, पण प्रत्येक युनिट ५ किलोचं आहे आणि ते वजन घेऊन तुम्हाला उतरायचंय.

पंख आणि शेपूट

पंख कुठले हे तुमच्याकडे काय उघडलंय त्यावर आहे, नावांच्या मागे लागू नका. पार्टवर माउस नेला की पंखाचा आकडा दिसतो, मी दर टनाला १ च्या आसपास येईल एवढे पंख लावतो. जेट फायटरसारखं दिसणार नाही. दिसायला नकोच. पंख मोठे म्हणजे कमी वेगात उडता येतं, कमी वेगात उडता येतं म्हणजे कमी वेगात टेकता येतं, आणि माळरानावर सेकंदाला ५० मीटरने टेकणं आणि ९० ने टेकणं ह्यात जेबच्या, म्हणजे आपल्या पायलटच्या, आयुष्याचा फरक आहे.

पंख लावताना दोन बारीक गोष्टी. पंखाची पुढची कड शिफ्ट दाबून एकदा फिरवा, म्हणजे ५ अंश वर. त्यामुळे विमान सरळ उडत असताना धड सरळ राहतं आणि पंख मात्र हवा पकडतात, नाहीतर अख्खं विमान नाक वर करून रेंगाळत जातं. आणि पंखांची टोकं जरा वर उचला, उथळ व्ही सारखी, विमान एका बाजूला कललं तर आपलं आपण सरळ व्हायला बघतं.

पंखांच्या मागच्या कडेला टोकाजवळ एलेरॉन, शेपटीला दोन छोटे आडवे पंख आणि त्यांना एलिव्हेटर, वर एक उभा पंख आणि त्याला रडर. आता महत्त्वाचं, गेम प्रत्येक हलणाऱ्या पृष्ठभागाला सगळी कामं देऊन ठेवतो, पिच (नाक वर-खाली) पण तूच, रोल (बाजूला कलणं) पण तूच, यॉ (नाक डावी-उजवीकडे) पण तूच. मग एक बटण दाबलं की सगळे एकदम हलतात आणि विमान डुलायला लागतं. एकेकाला राइट क्लिक करा, एलेरॉनला फक्त रोल ठेवा, एलिव्हेटरला फक्त पिच, रडरला फक्त यॉ. दोन मिनिटांचं काम आहे आणि नवीन लोकांपैकी कोणीच करत नाही, मी पण करायचो नाही. पार्ट झाले वीस.

पिवळा गोळा, निळा गोळा

इथे जरा बसू.

शाळेत मागच्या बाकावरून कागदाचं विमान सोडलंय ना? साधं सोडलं की ते नाक वर करतं, थबकतं आणि तिथेच आपटतं. मग कोणीतरी हुशार पोरगा नाकाला यू-पिन लावायचा आणि तेच विमान सरळ फळ्यापर्यंत. त्या यू-पिनने काय केलं, तर वजनाचं केंद्र पुढे आणलं. बस, विमानाचं अर्धं शास्त्र त्या यू-पिनमध्ये आहे.

हँगरमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात तीन बटणं आहेत. एक दाबलं की पिवळा-काळा गोळा दिसतो, ते वजनाचं केंद्र. दुसरा निळा, ती पंखांची उचल जिथून लागते ती जागा. तिसरा जांभळट, तो इंजिनाचा जोर. निळा गोळा पिवळ्याच्या जरासा मागे पाहिजे. जरासा म्हणजे दोन्ही गोळे एकमेकांत अर्धे घुसलेले दिसतील एवढा. निळा पुढे गेला की विमान बाणासारखं न जाता शेपूट पुढे आणायला बघतं, हवेत गिरकी घेतं आणि तुम्ही कितीही एस आणि डब्ल्यू बडवा, ऐकत नाही. निळा फार मागे गेला तर उलटा त्रास, नाक इतकं जड की रनवे संपला तरी वर उठत नाही.

गोळे जुळत नसतील तर इंजिन-बिंजिन हलवू नका, अख्खा पंख पुढे-मागे सरकवा. २ दाबलं की ऑफसेटचं टूल येतं, बाण धरून ओढा, झालं. नंतर टाक्या रिकाम्या करून बघा, तिन्ही टाक्यांचे स्लायडर शून्यावर आणा आणि पिवळा गोळा कुठे जातो ते बघा. तो तेव्हाही निळ्याच्या पुढेच राहिला पाहिजे. मागे गेला तर तुमचं विमान जाईल मस्त, येताना मात्र मारेल. बघून झाल्यावर इंधन परत भरायला विसरू नका, रनवेवर जाऊन स्पेस दाबतोय, इंजिन काही बोलत नाही, आणि पाच मिनिटं मी सेटिंगमध्ये दोष शोधत बसलोय, असं माझं दोनदा झालंय.

चाकं

सगळ्यात जास्त विमानं हवेत नाही, चाकांवर मरतात.

तीन चाकं, एक पुढे नाकाखाली, दोन मागे. पुढचं वळणारं, मागची साधी फिक्स्ड. मागची दोन पिवळ्या गोळ्याच्या थोडीशीच मागे असली पाहिजेत. फार मागे लावली तर विमान त्यांच्यावर नाक उचलू शकत नाही, सी-सॉवर लांबच्या टोकाला जड माणूस बसवल्यासारखं. गोळ्याच्या पुढे लावली तर उभं केल्या केल्या शेपटीवर बसतं, त्याचं पण एक दर्शन घ्या एकदा, हसू येतं.

मागच्या दोघांमध्ये अंतर जितकं जास्त तितकं चांगलं, अरुंद चाकांचं विमान वळताना पंखावर आडवं होतं. पण म्हणून पंखांच्या टोकाला लावू नका, पंख लवतात आणि चाकं फाकतात. आपल्या इंजिनांच्या त्या छोट्या टाक्या आहेत ना दोन्ही बाजूंना, त्यांच्या पोटाखाली लावा, रुंदी पण मिळते आणि जागा पण घट्ट. त्या हलतायत असं वाटलं तर सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड ट्वीकेबल्स चालू करून ऑटोस्ट्रट, म्हणजे न दिसणारा आधार, लावता येतो.

आणि चाकं सरळ उभी पाहिजेत. गोल धडाला चाक चिकटवलं की ते धडाच्या गोलाईप्रमाणे तिरकं बसतं, डोळ्याला कळत नाही, पण रनवेवर ४० च्या पुढे गेलात की विमान डावीकडे किंवा उजवीकडे ओढायला लागतं आणि तुम्हाला वाटतं की गेममध्ये बग आहे. ३ दाबून रोटेटचं टूल घ्या, एफ दाबून ॲब्सोल्यूट करा, स्नॅप चालू ठेवा आणि चाक समोरून आणि वरून दोन्हीकडून बघून सरळ करा. मग पुढच्या चाकाचा ब्रेक काढून टाका किंवा अगदी कमी करा. पुढच्या चाकाने ब्रेक मारणं म्हणजे सायकल उतारावर सोडून नुसता पुढचा ब्रेक दाबणं, लहानपणी ज्याने केलंय त्याला गुडघा बघून आठवेल.

झाले तेवीस पार्ट.

यंत्रं

एक बॅरोमीटर, दोन थर्मामीटर, गूचे दोन डबे समोरासमोर सिमेट्रीने, आणि कॉकपिटच्या दाराखाली एक शिडी. एकूण २९. एक पार्ट हातात राखून.

थर्मामीटर दोन कशाला, तर एका यंत्रात एकच निकाल राहतो. एक उडताना वापरायचा, दुसरा उतरल्यावर. गू एकदा उघडला की पायलटला तो परत तयार करता येत नाही, त्याला बॉबसारखा सायंटिस्ट लागतो, आणि आपल्या कॉकपिटमध्ये खुर्ची एकच. त्या खुर्चीत पायलटच बसवा, जेब किंवा व्हॅलेंटिना, कारण एसएएस, म्हणजे विमान आपोआप स्थिर धरणारी यंत्रणा, पायलटमुळे मिळतो आणि एसएएसशिवाय पहिलं विमान चालवायला लावणं म्हणजे शिक्षा आहे. म्हणून गूचे दोन डबे म्हणजे दोन बायोम, विषय संपला.

शिडीला कमी लेखू नका. कर्बल खाली उडी मारतो ऐटीत, माती उचलतो, आणि मग परत दारापर्यंत हात पोचत नाही. मग तो उड्या मारत बसतो आणि तुम्ही कॅमेरा फिरवत बसता.

उड्डाण

रनवेवर आलात की उडायच्या आधी क्रू रिपोर्ट, थर्मामीटर आणि बॅरोमीटर करून घ्या, रनवे हा स्वतःच एक छोटा बायोम आहे, फुकटचे पॉइंट. मग जेबला बाहेर काढून ईव्हीए रिपोर्ट आणि सगळा डेटा गोळा करून परत आत, डेटा कॉकपिटमध्ये जमा.

टी दाबून एसएएस चालू, झेड दाबून फुल थ्रॉटल, स्पेस दाबून इंजिन सुरू. जेट इंजिन लगेच जोर धरत नाही, दोन-चार सेकंद घेतं, घाबरू नका. पहिल्या लेव्हलचा रनवे म्हणजे आपल्याकडचा पावसाळ्यानंतरचा रस्ता, नुसते उंचवटे, त्यावर विमान उसळतं आणि कधी कधी उसळून शेपूट घासतं. माझा सल्ला असा की रनवेवर जायचंच नाही, हळूच बाजूच्या गवतावर वळा आणि तिथून पळवा, गवत जास्त गुळगुळीत आहे, खरंच. ५० ते ६० च्या दरम्यान एस हलकेच दाबा, उठेल. ए आणि डी ला ह्या वेगात हात लावायचा नाही, पुढचं चाक वळतं आणि विमान कोलांटी मारतं. हात जड असेल तर कॅप्स लॉक दाबा, सगळे कंट्रोल मऊ होतात.

वर गेल्यावर १ ते ३ किलोमीटर उंची पुष्कळ झाली. नाक सारखं खाली किंवा वर जात असेल तर ऑल्ट धरून एस किंवा डब्ल्यू, ट्रिम लागतो आणि बोट मोकळं होतं. टाइम वार्प, म्हणजे वेळ पटीत पळवणं, हवेत जपून वापरा, चारपटीत विमान थरथरतं आणि कधी पंख पण सोडतं.

कुठे जायचं? स्पेस सेंटरच्या आजूबाजूला गवत, पूर्वेला किनारा आणि पुढे पाणी, पश्चिमेला डोंगर. किनारा आणि गवत इथे उतरा. डोंगरावर उतरायचा हट्ट पहिल्या विमानाने करू नका, वरून उडताना क्रू रिपोर्ट आणि थर्मामीटर केला तरी ९.१ मिळतायत की. आग्नेयेला साधारण ३० किलोमीटरवर बेटावर एक जुनी धावपट्टी आहे, उतरायची प्रॅक्टिस करायला तिच्यासारखी जागा नाही.

उडताना क्रू रिपोर्टची एक अडचण लक्षात ठेवा. कॉकपिटमध्ये ताजा रिपोर्ट एकच राहतो, तो पक्का जमा करायला कर्बल बाहेर येऊन डेटा घेऊन परत आत जावा लागतो. म्हणजे एका झेपेत उडतानाचा एकच रिपोर्ट. म्हणून चकरा अशा आखा की एका बायोमवरून उडत जायचं, दुसऱ्यात उतरायचं, तिथे सगळं जमा करून परत उठायचं.

उतरणं

उतरायच्या आधी एफ5, म्हणजे गेम सेव्ह. ह्याला चीटिंग म्हणणारे लोक आहेत, त्यांना म्हणू दे.

जागा लांबूनच ठरवा, सपाट, लांब, आणि शक्यतो चढाची, उताराची नको. चार किलोमीटर आधीच थ्रॉटल खाली आणा, कारण ज्युनोला उलटा जोर नाही आणि आपले पंख मोठे असल्यामुळे विमान लवकर हळू होत नाही, तरंगत राहतं. १०० वर या, मग ७०. उंची दाखवणारा आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो, स्पेस सेंटरची जमीनच ७० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे टेकडीवर उतरताना त्या आकड्यावर विश्वास ठेवून मरण्यात अर्थ नाही. विमानाची सावली बघा. सावली विमानाकडे येताना दिसते, ती जवळ आली की जमीन जवळ आली. खाली यायचा वेग ५ च्या आत, जमल्यास दोन-तीन. शेवटच्या दहा-पंधरा मीटरमध्ये थ्रॉटल शून्य आणि नाक हलकेच वर, असं की विमान जमिनीला समांतर जातंय आणि थकून स्वतःच टेकतंय. मागची चाकं आधी टेकली पाहिजेत. टेकल्यावर लगेच बी दाबून धरू नका, थोडं थोडं दाबा, सोडा, दाबा.

उसळी मारली तर? घाबरून नाक खाली दाबलंत की संपलं. थोडा थ्रॉटल द्या, वर जा, वळून परत या. इंधन आहे आपल्याकडे, त्यासाठीच तर हिशोब केला.

थांबल्यावर जेबला बाहेर काढायच्या आधी वरच्या ब्रेकच्या चिन्हावर क्लिक करून ब्रेक कायमचा लावा आणि इंजिन बंद आहे ना बघा. माझा जेब एकदा किनाऱ्यावर माती उचलत होता आणि विमान त्याच्या पाठीमागून शांतपणे उताराने घरंगळत समुद्रात गेलं. सायन्स सगळं विमानात. जेब किनाऱ्यावर. मी एफ5 केलं नव्हतं.

मग क्रम असा: बाहेर, उडतानाचा सगळा डेटा गोळा, ईव्हीए रिपोर्ट, माती जमत असेल तर माती, आत. आत गेल्यावर क्रू रिपोर्ट, दुसरा थर्मामीटर, बॅरोमीटर, एक गू. परत बाहेर, कॉकपिट आणि यंत्रांतला डेटा काढा, परत आत. थर्मामीटर आणि बॅरोमीटर रिकामे झाले की पुढच्या बायोमला तेच चालतात. गूचा डबा मात्र गेला.

परतीचा नियम एकच, मधल्या टाकीत अर्धं उरलं की तोंड घराकडे. रनवेवर उतरणं जमलं नाही तर आसपासच्या गवतावर उतरून रिकव्हर करा, सायन्स पूर्ण मिळतं, लांब उतरल्यामुळे फक्त पैसे थोडे कमी परत येतात. ब्रेक मारत रनवेपर्यंत टॅक्सी करत गेलात तर जाताना बाकीच्या बिल्डिंगांपाशी थांबून तिथले रिपोर्ट पण घ्या, त्या पण बायोम आहेत, हे विमान पंख असलेली रिक्षाच समजा. आणि मिशन कंट्रोलमध्ये अमुक जागेचं तापमान घ्या वगैरे कॉन्ट्रॅक्ट पडलेली असतात, जवळची दोन घेऊनच निघालात तर त्याच चकरेत पैसे पण सुटतात.

मिळालेल्या पॉइंटमधून पुढे व्हीझली इंजिन उघडेल, १२० किलोन्यूटन, उलटा जोर पण आहे त्याला, आणि लगेच ज्युनो काढून शेपटीला ते लावावंसं वाटेल. लावा, पण ते दीड टनाचं आहे. आपल्या दोन ज्युनोंचं मिळून अर्धा टन होतं आणि ते मध्याजवळ होते, हे एकटं पार शेवटी बसणार. पिवळा गोळा किती मागे पळतो ते आधी बघा, मग पंख सरकवा, मग मागची चाकं, त्याच क्रमाने.